शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी माझी पाठ दिसेल. तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला एक आकडा आहे. आकड्याखाली माझं नाव होतं, ते लोकांच्या बोटांनी पुसून गेलं. मी एका वाचनालयातली कादंबरी आहे आणि माझं वय एकतीस वर्षं आहे. तुम्ही म्हणाल, हे काय वय झालं? पण घरातलं पुस्तक कपाटात बसून म्हातारं होतं, आणि मी पिशव्यांत, उशांखाली, दवाखान्याच्या बाकांवर आणि एकदा तर आठवडाभर पिठाच्या डब्यावर राहून म्हातारी झाले. आता उघडलं की माझे सांधे कुरकुरतात. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण दम पुरत नाही. तेव्हा माझ्या शेवटच्या सोळा पानांची हकीकत तेवढी सांगते.

माझं नाव 'आवाज पोहोचायला नऊ वर्षं'. मला लिहिलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टचं यंत्र ठेवायची एक खोली असते, तिथे दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की तो लिहायचा. म्हणून माझ्या पहिल्या कागदांना वंगणाचा वास होता. तीनशे वर्षांनंतरची गोष्ट त्याने लिहिली. आकाशात टांगलेल्या एका वस्तीवर एक बाई लिफ्ट दुरुस्त करते. तिच्या मनातला माणूस एका संथ जहाजावरून दूर निघून गेला आहे, इतक्या दूर की त्याचा आवाज तिच्यापर्यंत यायला नऊ वर्षं लागतात. तो निरोप पाठवतो, त्यात प्रेमाचं अक्षर नाही. खोलीतला पंखा खडखड करतो, झोप लागत नाही, काय करू, एवढंच तो विचारतो. निरोप तिला नऊ वर्षांनी मिळतो. कुठला स्क्रू किती पिळायचा ते ती नीट समजावून सांगते आणि उत्तराची वाट बघत बसते. जायला नऊ, यायला नऊ.

शेवटच्या प्रकरणात उत्तर येतं. ती एकावन्न वर्षांची झालेली असते. यंत्र सुरू होतं आणि नऊ सेकंद काहीच ऐकू येत नाही, खडखडसुद्धा नाही. मग तो म्हणतो, "जमलं." बस, एवढंच. माझ्या लेखकाने हे प्रकरण अकरा वेळा लिहिलं होतं. लोकांना ही शांतता कळेल की नाही, याची त्याला फार धाकधूक होती.

मी छापून आले आणि वर्षाच्या आत माझ्या प्रकाशकाने दुकान बंद केलं. माझ्या बहिणी गठ्ठ्यांनी लगद्यात गेल्या. लेखकाकडे ज्या थोड्या प्रती होत्या त्या त्याने मागेल त्याला वाटल्या, स्वतःला एकही ठेवली नाही. हस्तलिखित छापखान्यातून परत आलंच नाही. मी तेवढी उरले, कारण त्याची मोठी बहीण वाचनालयात ग्रंथपाल होती. सगळे तिला बाई म्हणत. हा तिला ताई म्हणे, आणि ती त्याला छोट्या म्हणे. तो छोट्या आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस नावालाच आहेत, तरी छोट्याच.

पहिली दोन वर्षं माझी चैन होती. माझ्यासाठी लोक नंबर लावत. आणि मित्रांनो, त्या वाचनालयातल्या लोकांना एक खोड होती. पुस्तक आवडलं की ते पेन्सिलीने समासात लिहीत. बाकीच्या पानांवर मला फारसा उपद्रव झाला नाही, पण शेवटच्या प्रकरणाशी आले की प्रत्येकाचा हात खिशाकडे जाई. 'जमलं' या शब्दाभोवती तर नुसती गर्दी झाली. एकाने लिहिलं, मलाही कुणीतरी एवढंच म्हणावं. खाली दुसऱ्या अक्षरात, मलाही. त्याच्याखाली एका नर्सबाईंनी लिहिलं, आमच्या वॉर्डात रात्रभर कण्हणारा माणूस पहाटे शांत झोपतो तेव्हा असंच वाटतं. समास भरले तेव्हा लोक दोन ओळींच्या मधे लिहू लागले. मला गुदगुल्या होत आणि मी फुशारून जाई. त्या फुशारकीचीच शिक्षा मला पुढे झाली असं कधीकधी वाटतं.

बाईंनी समासांत पेन्सिल चाललेली पाहिली, पण काय लिहिलं आहे ते वाचलं नाही. भावाने त्यांच्याकडून शब्दच घेतला होता. तो म्हणाला होता, "ताई, तू वाचू नकोस. तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. माझी तयारी झाली की मीच वाचेन." बाई शब्दाला इतक्या पक्क्या की त्यांनी माझं शेवटचं प्रकरण पुन्हा उघडलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त एवढं केलं की सोळा कोरी पानं आणि मला बाइंडरकडे पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं, ही पानं अभिप्रायांसाठी शेवटी शिवून द्यावीत, जुनी जागा भरली आहे. भावाचं कौतुक लोकांना ऐसपैस लिहिता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

बाइंडर हाताचा कसबी, पण शिवायला आलेलं पुस्तक तो कधी वाचत नसे. शिवायचं की वाचत बसायचं, असं तो म्हणे. त्याने माझी शिवण उसवली. माझे बारा फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांच्या बारा जुड्या, टेबलावर मांडल्या. शेवटची जुडी बघितली तर छापील अक्षरांपेक्षा पेन्सिलच जास्त. त्याला वाटलं, हीच ती अभिप्रायांची भरलेली पानं, कुठल्यातरी रद्दी छापील कागदावर लिहिलेली, आणि बाईंना ती बदलून हवी आहेत. त्याने ती जुडी बाजूला ठेवली, कोरी जुडी तिच्या जागी शिवली, वर निळं कापड आणि जाड पुठ्ठा चढवला. मी किती ओरडले असेन, पण खळीचा ब्रश फिरत असताना पुस्तकाचं कोण ऐकतं? जी पानं लोकांना सगळ्यांत जास्त आवडली होती, ती आवडल्यामुळेच गेली.

मी परत आले ती नव्या कपड्यात. बाई खूश झाल्या, त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि मला मांडणीत ठेवलं. माझं आता शेवटचं वाक्य होतं, 'तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली आणि ती बसली.' त्यापुढे कोरा कागद.

एकोणतीस वर्षं मी अशी वाचली गेले.

लोकांनी त्या कोऱ्या कागदांवर मनापासून लिहिलं, हे कबूल करायला हवं. एका शिंप्याने लिहिलं, तीनशे वर्षांनंतरही लिफ्ट बंदच पडते हे वाचून बरं वाटलं, पण गोष्ट अशी टाचून का सोडली? एक जण प्रेमकथा म्हणून मला घेऊन गेला आणि निम्मी यंत्रंच निघाली म्हणून चिडला. त्याच्याच खाली एक मुलगी विज्ञानकथा म्हणून घेऊन गेली होती, तिला निम्मी रडारड वाटली. गणिताच्या एका मास्तरांनी लाल पेनने लिहिलं की नऊ अधिक नऊ अठरा होतात, पान एकाहत्तरवर सतरा छापलं आहे, पाच गुण कापले. आणि शेवटाबद्दल तर जवळजवळ सगळ्यांनीच लिहिलं. शेवट हातात येतच नाही. एवढं ताटकळत ठेवून पदरात काय टाकलं? लेखक थकला असावा. मग पुढे? एका आजीबाईंच्या थरथरत्या अक्षरात, बिचारीने एवढी वाट का पाहावी, मी पाहिली नाही. आणि एका प्राध्यापकांनी तब्बल अर्धं पान भरून माझी स्तुती केली होती की लेखकाने शेवट मौनावर सोडला, हे धाडस फार मोठं आहे. मी या कोऱ्या पानांवरची प्रत्येक ओळ अंगावर घेतली. खरं काय ते मला माहीत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. या एका गोष्टीने मी जेवढी थकले, तेवढी हाताळण्याने थकले नाही.

इकडे छोट्या दुसरी कादंबरी लिहीत होता, सावकाश, वर्षाला आठदहा पानं. दोनशे दहा पानांचा गठ्ठा झाला. शेवटची दोन प्रकरणं उरली आणि तो अडला. बहिणीला म्हणाला, पहिल्या गोष्टीचा शेवट लोकांना कळला होता का, ते बघितल्याशिवाय दुसरीचा लिहायला हात उचलत नाही. बघायचा धीरही होईना. असं करत सात वर्षं गेली. यंदा बाईंच्या निवृत्तीला दोन महिने राहिले. नंतर येणारे लोक जुनी पुस्तकं काढून टाकणार होते, त्या यादीत माझा आकडा होता. बाई त्याला म्हणाल्या की आता वाचायचं तर वाच, नाहीतर राहून जाईल.

तो एका दुपारी आला. हात साबणाने धुऊन आला होता, तरी नखांत वंगण होतं. माझ्या पहिल्या पानाकडे त्याने पाहिलं नाही. स्वतःचं छापलेलं वाचलं की चुकाच दिसतात, असं तो म्हणे. त्याने मला थेट मागून उघडलं आणि अभिप्रायाचं पहिलं पान काढलं. त्याच्या आधी काय आहे, किंवा काय नाही, हे बघायला त्याला डावीकडच्या छापील पानावर नजर तेवढी टाकायची होती. मी तेवढीच आशा धरून होते. त्याने ते पान तळहाताने झाकून ठेवलं. सगळे अभिप्राय त्याने एकेक करून वाचले, काही दोनदा वाचले, आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, 'जमलं' कुणाच्याच लक्षात राहिलं नाही," तो म्हणाला. "एकानेही तो शब्द लिहिला नाही. आणि हे प्राध्यापक म्हणतात मौन. मौन नाही गं ते. पंखा बंद झालाय."

बाई उठून माठाकडे गेल्या. त्यांनी पाणी दिलं. तो रागावला नव्हता, रागावला असता तर मला परवडलं असतं. लिफ्ट तपासून हिचं यंत्र आता बदलावंच लागेल असं सांगावं, तसा तो म्हणाला की मला शेवट करता येत नाही, एवढं आता कळलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कादंबरीचा गठ्ठा घेऊन आला. वाचनालयात एका बाजूने कोरे कागद कापून चिठ्ठ्या करण्याची पद्धत होती. त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, मागची बाजू कोरी आहे, वर्षभर पुरतील. बाईंनी तो टेबलाच्या खणात ढकलला.

यानंतर तीन आठवड्यांनी नर्सबाई आल्या. त्याच, ज्यांनी वॉर्डातल्या माणसाबद्दल समासात लिहिलं होतं. नोकरी संपवून त्या पुन्हा या भागात राहायला आल्या होत्या. त्यांनी मला नावाने मागितलं, मांडणीपाशीच शेवटाकडून उघडलं, आणि मागेपुढे पानं चाळत राहिल्या. मग मला घेऊन बाईंच्या टेबलाशी आल्या.

"बाई, ह्याचं शेवटचं प्रकरण कुठं गेलं?"

बाई म्हणाल्या की आहे की, तिथेच आहे.

"नाही. ही खुर्ची ओढून बसते, आणि पुढे लोकांचं लिहिलेलं सुरू. एकशे शहात्तरला संपलंय. त्याचं उत्तर येतं ते कुठंय? मी त्या पानावर लिहिलं होतं."

बाईंनी मला हातात घेतलं. एकशे शहात्तर पाहिलं, पुढचं पान पाहिलं, पुन्हा एकशे शहात्तर पाहिलं. त्यांचा चेहरा मी एकतीस वर्षं पाहत आले आहे. त्यावर खरोखरच सगळं छापून येतं. त्यांनी नर्सबाईंना बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन बाइंडरकडे गेल्या. तो आता फार म्हातारा झाला आहे, दुकान सून बघते. त्याने माझी शिवण बोटाने चाचपली आणि आपलं काम लगेच ओळखलं. "त्या पानांवर एवढं लिहिलेलं होतं," तो म्हणाला, "मला वाटलं, भरली म्हणून तुम्ही नवी पाठवलीत." बाईंनी त्याला एक शब्द बोल लावला नाही. चिठ्ठी त्यांचीच होती. न वाचण्याचा शब्द त्यांनीच पाळला होता. पानं कुठे आहेत एवढंच त्यांनी विचारलं. म्हातारा म्हणाला की कागद तो कधी टाकत नाही, पट्ट्या कापून दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीत अस्तर म्हणून चिकटवतो. त्या महिन्यात वाचनालयाची आठ पुस्तकं आली होती. त्यातली सात पुढे वाळवीने आणि गळत्या छपराने गेली होती. एक राहिलं होतं, घर बांधण्याच्या नियमांचं, कारण ते कधी कुणी नेलंच नव्हतं. बाईंनी ते वाचनालयातून आणलं, सुनेने त्याच्या पाठीवर ओलं फडकं ठेवलं, अर्धा तास थांबली, आणि चिमट्याने एक पट्टी सोडवली. दोन बोटं रुंद. छापलेल्या ओळींचे नुसते तुकडे, आणि कडेला पेन्सिल. अर्धं वाक्य कापलं गेलं होतं, अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई भावाला भेटायला गेल्या. तो एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर काम करत होता, म्हणजे लिफ्ट अर्थातच बंद होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होता आलं नाही म्हणून एकसष्टाव्या वर्षापर्यंत नोकरी ओढणाऱ्या त्या बाई मला पिशवीत घालून नऊ मजले चढल्या. दर मजल्याला थांबत होत्या, आणि स्वतःला काहीबाही बोलत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी आधी धाप ओसरू दिली. त्यांनी मला त्याच्या मांडीवर उघडून ठेवलं, एकशे शहात्तरवर, आणि ती पट्टी त्यावर ठेवली.

मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, कोरी पानं, बाइंडर, सगळं. "मीच पाठवलं होतं रे," त्या म्हणाल्या. "तुझं कौतुक लिहायला जागा हवी म्हणून."

त्याने पट्टी उजेडात धरली. पेन्सिलीचे उरलेले शब्द असे होते: '...म्हणून आज मीच तिला फोन केला. जमलं.'

त्याने पट्टी परत पानावर ठेवली. मग म्हणाला, "आता मला ते प्रकरण आठवत नाही, ताई. अकरा वेळा लिहिलं, अकराही एकमेकांत मिसळलीत. आणि लिहिणारा सत्तावीस वर्षांचा होता."

बाई म्हणाल्या की राहू दे मग, तुला कळलं तेवढं पुरे. पण त्याने मला मिटलं नाही. पानं पुढे उलटून तो अभिप्राय पुन्हा वाचू लागला. शिंप्याचा, मास्तरांचा, आजीबाईंचा. तेच शब्द, तीच शाई. या वेळी मात्र तो मधेच थांबे आणि मान हलवी.

"हे मला नावं ठेवत नव्हते," तो म्हणाला. "हे सगळे तिच्याबरोबर खुर्ची ओढून बसलेत. एकोणतीस वर्षं."

त्यातला शिंपी आता नाही, मित्रांनो. आजीबाई तर कधीच गेल्या. मास्तरांना माणसं ओळखू येत नाहीत. त्यांच्यापर्यंत आता काही पोचायचं नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने बहिणीला सांगितलं की यादीतून हिचा आकडा खोड, महिनाभर ही माझ्याकडे राहू दे.

माझ्या मागच्या सोळा पानांपैकी पाच अजून कोरी होती. छापील प्रकरण त्यात मावणारं नव्हतं. त्याने बारीक अक्षरात लिहिलं, दुपारच्या सुट्टीत, यंत्राच्या खोलीत. खोडलं थोडंच. नवं प्रकरण जुन्यासारखं नाही. नऊ सेकंदांची शांतता आहे, 'जमलं' आहे, पण जुन्या प्रकरणात एकावन्न वर्षांची ती बाई तो शब्द ऐकून रडत होती, आता रडत नाही. ती खुर्ची जागेवर ठेवते आणि कामाला जाते, कारण खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतं. मला आधीचं जास्त सुंदर वाटायचं. हे जास्त खरं आहे. माझं वय झालं म्हणून असेल.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याने मला आणून दिलं. निघताना दाराशी घुटमळला.

"ताई, तो गठ्ठा कापलास का गं?"

"कात्री बोथट आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खण उघडला.

नर्सबाईंनी मला त्याच टेबलाशी बसून वाचलं, शेवटची पाच पानं दोनदा. मग त्यांनी पेन्सिल मागितली. बाईंनी दिली नाही. म्हणाल्या, या पुस्तकात आता लिहायचं नाही, लिहिणारा समोरच्या इमारतीत लिफ्टपाशी आहे, त्याला जाऊन सांगा. नर्सबाई जरा संकोचल्या, पदर सावरला, आणि गेल्या. त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी टेबलावर होते.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, चहाचा कप माझ्यावर ठेवू नका, हे तुम्हाला सगळीच पुस्तकं सांगतील. मी दमले आहे, मी एकच सांगते. एखादी गोष्ट तुम्हाला आवडली, आणि ती लिहिणारा किंवा करणारा माणूस अजून जवळपास असला, तर मला सांगू नका. मी ते तीस वर्षं पोटात ठेवेन आणि त्याला काही कळणार नाही. उठा आणि त्याच्याकडे जा.